उडीनंतरची दांडी

क्लाइव्ह ऑर्मरॉड या माणसाला आयुष्यात एकच शब्द कधी बोलता आला नाही, आणि तो म्हणजे 'नाही'. आता इंग्रजीत जमला नाही हे एक वेळ समजू. लँकाशरमधल्या भल्या घरात वाढलेल्या पोराला तो शब्द कुणी शिकवतच नाही. पण हा गडी जन्मभर रशियन शिकवत होता, आणि त्या भाषेत बोलणं सुरूच मुळी 'नाही'पासून होतं. तरीही कुणी काही मागितलं की क्लाइव्हच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडायचं, "छे छे, त्यात कसला त्रास."

या एका वाक्यापायी त्यानं शेजाऱ्यांची मांजरं सांभाळली होती, चर्चच्या जत्रेत पावसात उभं राहून दरवर्षी लॉटरीची तिकिटं विकली होती, आणि ज्यातलं एकही वाद्य त्याला वाजवता येत नव्हतं त्या बँडचा तो सेक्रेटरी होता. बायको नोरीन म्हणायची, "उद्या कुणी तुझी किडनी मागितली ना, तर तू विचारशील, उजवी देऊ की डावी?" क्लाइव्ह हसायचा. त्याला वाटायचं, आपलं कौतुकच चाललंय.

ब्रॅकनशॉ हे त्याचं गाव. डोंगरउतारावरचं. पूर्वी गिरण्या होत्या. आता त्याच इमारतीत गालिचे विकतात. तिथल्या सरकारी शाळेत क्लाइव्ह लागला तेव्हा वरच्या लोकांना वाटत होतं की शत्रूची भाषा चार पोरांना तरी यायला हवी. मग वरच्या लोकांचं मत बदललं, नंतर पुन्हा बदललं, आणि प्रत्येक बदलाबरोबर क्लाइव्हचा वर्ग लहान लहान होत गेला. शेवटी फ्रेंचला हीटरवाली खोली मिळाली, स्पॅनिशला नवी टेबलं-खुर्च्या मिळाल्या आणि रशियन गेलं जिमच्या मागच्या खोलीत. तिथं मोज्यांचा वास यायचा. पण क्लाइव्हनं तक्रार केली नाही. तक्रार करायला आधी 'हे चालणार नाही' म्हणावं लागतं.

त्या खोलीत या वर्षी एकच विद्यार्थिनी उरली होती. नेल एन्टविसल.

नेल रशियनकडे वळली ती कुठल्या थोर ओढीनं वगैरे नव्हे. तेराव्या वर्षी स्पॅनिशचा वर्ग भरला होता म्हणून तिला इकडे ढकललं. मग तिच्या लक्षात आलं की ही भाषा घरात कुणालाच कळत नाही. तीन बहिणींबरोबर एका खोलीत झोपणाऱ्या पोरीला याहून मोठी जहागीर कुठली? ती मनसोक्त रशियनमध्ये पुटपुटायला लागली. पुटपुटता पुटपुटता वाचायला लागली. आणि वाचता वाचता तिच्या डोक्यानं असं घेतलं की आपण युनिव्हर्सिटीत जाऊन हेच शिकायचं. युनिव्हर्सिटीनं कळवलं, रशियनमध्ये 'ए' आणलास तर जागा तुझी. 'बी' आला तर जागा नाही, शुभेच्छा आहेत.

हेडबाई मिसेस पिलिंग एकदा वर्गात डोकावून म्हणाल्या होत्या, "क्लाइव्ह, एका मुलीसाठी वर्ग चालवायचा म्हणजे एका प्रवाशासाठी बस काढण्यासारखं आहे हं."

नेल वहीतून मान वर न करता म्हणाली, "माझी आई रविवारची शेवटची बस एकाच प्रवाशासाठी चालवते, मिस. आणि तो झोपलेला असतो."

बाईंनी दार ओढून घेतलं. वर्ग तेवढा वाचला.

आता 'ए' मिळवायचा म्हणजे काय, हे क्लाइव्हनं नेलला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "हे बघ, उंच उडी माहितेय ना? तिथं आधी दांडी लावतात, मग उडी मारतात. आपल्याकडे आधी सगळ्यांनी उडी मारायची. मग काही सभ्य लोक एका खोलीत बसतात, चहा पितात, बिस्किटं खातात, कोण किती उडालं ते बघतात आणि मग दांडी कुठं लावायची ते ठरवतात."

"म्हणजे मी चांगली उडी मारली, तरी कमी पडू शकते?"

"दुसऱ्यांनी जास्त चांगली मारली तर."

"हा काय न्याय झाला, सर?"

"पेपर एखाद्या वर्षी अवघड असतो, एखाद्या वर्षी सोपा. म्हणून दांडी वरखाली करायची. न्यायच आहे तो, फक्त आपल्या बाजूनं दिसत नाही एवढंच."

फ्रेंचमध्ये हे सगळं चालून जातं. तिथं परीक्षेला इतकी पोरं बसतात की चार जणांनी तीर मारले तरी दांडीला पत्ता लागत नाही. रशियनला साऱ्या देशातून मिळून एखाद्या लग्नाला यावीत एवढीच पोरं बसायची. त्यातली निम्मीअधिक अशी, की रशियन आईच्या दुधाबरोबर प्यायलेली. महागड्या बोर्डिंग शाळांत ठेवलेली मॉस्कोवाल्यांची पोरं, तिथं खास शिकवण्या लावून घेतलेली. ती 'ए'च्याही वरचा ए-स्टार घेऊन जायची आणि सुट्टीत बर्फावर घसरायला जायची. दांडी त्यांच्या डोक्याच्या उंचीची. नेलनं तिच्यावरून उडी मारायची, जिमच्या मागच्या खोलीतून धावत येऊन.

तरी त्यात एक फट होती. क्लाइव्हला ती नीट ठाऊक होती. मँचेस्टरला शनिवारची एक रशियन शाळा भरायची, एका चर्चच्या हॉलमध्ये. तिथली पोरं सफाईकामगारांची, ट्रकवाल्यांची, नर्सबायांची. नार्वा, रीगा अशा बाल्टिककडच्या गावांहून आलेल्या रशियन लोकांची. ती रशियनमध्ये भांडायची, रशियनमध्ये स्वप्नं बघायची, आणि परीक्षेत दरवर्षी 'बी' आणायची, कारण प्रश्न वाचायची त्यांना सवयच नव्हती. प्रश्न विचारी एक, ती लिहीत भलतंच, तेही चार पानं. या डझनभर पोरांच्या कृपेनं दांडी तेवढी खाली राहायची. शहाणा माणूस देवाला हात जोडून गप्प बसला असता.

क्लाइव्हची आणि या शाळेच्या बाईंची गाठ पडली ती परीक्षेबद्दलच्या एका शिक्षकसभेत. झोया व्हिक्टोरोव्हना त्यांचं नाव. आडव्या बांध्याच्या, आणि आवाज असा की त्या उठल्यावर सभेतला माईक उगाचच ठेवल्यासारखा वाटायला लागला. चहाच्या वेळी त्यांनी क्लाइव्हला कोपऱ्यात गाठलं.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"हॅरोल्ड," क्लाइव्ह गोंधळून म्हणाला.

"म्हणजे तुम्ही क्लाइव्ह हॅरोल्डोविच. ऐका. आमची पोरं जन्माची रशियन, आणि त्यांना 'बी'. तुमची एक इंग्रज मुलगी गेल्या वर्षी 'ए' घेऊन गेली म्हणे. तुम्ही काहीतरी करता. काय करता ते आमच्या पोरांना शिकवा. शनिवारी, दहा वाजता."

हा तो क्षण. इथं कुठल्याही गावच्या कुठल्याही माणसानं म्हटलं असतं, बाई, वेळ नाही. बाई, पाठ दुखते. बाई, माझी एक मुलगी यंदा त्याच परीक्षेला बसतेय. क्लाइव्हनं तोंड उघडलं. समोर झोयाबाईंनी कागदी बशीत मधाच्या केकचा तुकडा धरला होता.

"छे छे," क्लाइव्ह म्हणाला, "त्यात कसला त्रास."

पहिल्या शनिवारी त्याच्यासमोर बारा पोरं बसली होती. बारा. क्लाइव्हला इतकी डोकी एका खोलीत बघून कित्येक वर्षं झाली होती. आणि सगळी रशियन बोलत होती, त्याच्यापेक्षा चौपट वेगानं. हॅरोल्डोविच, हॅरोल्डोविच म्हणून त्यांनी त्याला इतकं डोक्यावर घेतलं की जन्मात कधी जवळच्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यापुढं न गेलेल्या बिचाऱ्या हॅरोल्डच्या नावाचा थडग्यात सुद्धा उच्चार बदलला असेल.

देम्यान नावाचा एक उंच पोरगा होता. त्याचा निबंध क्लाइव्हनं वाचायला घेतला. प्रश्न असा होता की कादंबरीतला बाप सहानुभूतीला पात्र आहे का. देम्याननं लिहिलं होतं स्वतःच्या आजोबांवर, मासे धुरावर कसे सुकवायचे त्यावर, आणि कादंबरीकाराला खेडं कसं कळलं नाही त्यावर. लिहिलं होतं असं सुरेख की क्लाइव्हला चष्मा काढून पुसावा लागला.

"देम्यान, प्रश्न काय होता?"

"प्रश्न चुकीचा होता."

"असेल. पण गुण प्रश्नाकडेच असतात रे बाबा. ज्याच्याकडे गुण त्याच्याशी वाकडं घेऊ नये. पहिल्या ओळीत प्रश्नाला उत्तर दे. मग दोन दाखले. मग तुझं मत. आजोबांना घरी ठेव."

"आजोबांना घरी ठेवून मग लिहायचं काय?"

"प्रश्नाला लागतं तेवढंच. कमी लिही. तुला सगळं येतं हे दाखवायला तू जातोस, आणि तपासणाऱ्याला फक्त मोजायचं असतं."

पोरांनी हे ऐकलं आणि ती हसली. पण पुढच्या शनिवारी देम्याननं एका पानाचा निबंध आणला. पहिल्या ओळीत उत्तर, दोन दाखले, मत. आजोबा कुठंही नाहीत. निबंध असा मेलेला की परीक्षेत त्याला गुणच गुण पडावेत. क्लाइव्हनं त्याची पाठ थोपटली. नोरीनला घरी आल्यावर सांगितलं, "काय पोरं आहेत. एकदा सांगितलं की झालं." त्या दिवशी तो शीळ घालत भांडी घासत होता, आणि खरं सांगायचं तर इतका सुखी तो कित्येक वर्षांत नव्हता.

नेलची शिकवणी बुधवारी असायची. एका बुधवारी तिला टेबलावर केकचा डबा दिसला.

"हा कुठून आला?"

क्लाइव्हनं आनंदानं सगळं सांगितलं. देम्यान, आजोबा, बारा पोरं. नेल केक खाता खाता थांबली.

"ती परीक्षेला बसणार आहेत? जूनमध्ये? माझ्याच?"

"हो. मजा बघ, गेल्या महिन्यापर्यंत त्यांना प्रश्न सुद्धा वाचता येत नव्हता."

"आणि आता?"

"आता फार छान वाचतात."

नेलनं उरलेला केक डब्यात परत ठेवला. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, दांडी नंतर लावतात म्हणून? ती पोरं माझ्या खाली होती. तुम्ही त्यांना उचलून माझ्या वर ठेवताय."

"अगं, बारा जणांनी कुठं काय फरक पडतो."

"सगळ्या देशात किती बसतात?"

क्लाइव्हनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पोरं रग्बी खेळत होती आणि हरत होती. "तू तुझी उडी मार," तो म्हणाला. "तुला काही होत नाही."

"मग त्यांना नाही म्हणून सांगा ना. जूनपर्यंत."

"सांगतो," क्लाइव्ह म्हणाला. आणि तो सांगणार होताच, शनिवारी, पण झोयाबाईंनी दारातच त्याच्या हातात विणलेला स्वेटर ठेवला. स्वेटर हातात घेऊन माणूस काय बोलणार? ओठांशी आलेला शब्द त्यानं गिळला आणि पोरांकडून भाषांतराचा पेपर सोडवून घेतला. नेलला त्यानं एवढंच सांगितलं की बोलणं चालू आहे. बुधवारच्या शिकवणीत तो तासभर जास्त बसायला लागला. मनाची समजूत घालायला याहून स्वस्त उपाय नाही.

जूनमध्ये परीक्षा झाली. नेल बाहेर आली ती चक्क हसत. "सर, मला सगळं आलं."

तेच तर. त्या वर्षी सगळ्यांनाच सगळं आलं.

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी सकाळी निकाल असतो. त्याच सकाळी दांडीचे आकडेही जाहीर होतात. क्लाइव्ह शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसला होता, स्वेटर घालून, कारण ब्रॅकनशॉला ऑगस्टमध्येही थंडी असते. त्यानं आधी नेलचे गुण बघितले. गेल्या वर्षीच्या 'ए'च्या रेषेपेक्षा बरेच वर होते. मग त्यानं या वर्षीची रेषा बघितली. नेल दोन गुणांनी खाली होती.

सोबत तपासणाऱ्यांचा अहवाल होता. त्यात त्या सभ्य लोकांनी लिहिलं होतं की यंदा विद्यार्थ्यांनी प्रश्नाला धरून, नेमकी आणि आटोपशीर उत्तरं लिहिली. पूर्वी दिसणारी विषयांतरं जवळजवळ नाहीशी झाली, ही समाधानाची बाब आहे. क्लाइव्हनं ते दोनदा वाचलं. त्याच्या आयुष्यात त्याच्या शिकवण्याची वरच्या लोकांनी घेतलेली ही पहिली आणि शेवटची दखल.

तेवढ्यात मोबाईल वाजला. झोयाबाई. फोन कानापासून लांब धरला तरी ऑफिसातल्या सगळ्यांना कळलं की नऊ ए-स्टार आणि तीन 'ए'. देम्यानला ए-स्टार. त्याला दाताचा डॉक्टर व्हायचं होतं. रशियन त्यानं आपलं हातासरशी उरकलं होतं.

"सोन्याचे आहात तुम्ही, क्लाइव्ह हॅरोल्डोविच," झोयाबाई रडत होत्या. "सोन्याचे."

नेल सायकली ठेवतात त्या शेडमध्ये उभी राहून युनिव्हर्सिटीशी बोलत होती. बोलणं फार वेळ चाललं नाही. पलीकडच्या बाईंना फार म्हणजे फारच वाईट वाटत होतं, आणि जागा भरल्या होत्या. क्लाइव्ह बाहेर आला तेव्हा नेलनं फोन खिशात टाकला होता.

"फेरतपासणी करू," तो म्हणाला. "दोन गुण तर आहेत."

"करा," नेल म्हणाली. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं फक्त त्याच्या स्वेटरकडे बघितलं. "ऊबदार आहे ना?" तिनं विचारलं आणि ती बसकडे गेली. तिची आईच चालवत होती.

फेरतपासणीचं उत्तर सप्टेंबरात आलं. गुण बरोबर होते. नेल तोवर गालिच्यांच्या दुकानात लागली होती. क्लाइव्हच्या खोलीत आता एकही विद्यार्थी नव्हता, आणि हेडबाईंनी तिथं उड्या मारायचं ट्रॅम्पोलीन ठेवायचं ठरवलं होतं. खोली सोडता सोडता, काय डोक्यात आलं कोण जाणे, क्लाइव्हनं यंदाचा पेपर काढला, घड्याळ लावलं, दार लोटलं आणि स्वतः परीक्षेला बसला. बहुतेक त्याला बघायचं होतं की आपण लावलेली दांडी आहे तरी केवढी उंच.

दुपारी नेल उरलेली पुस्तकं परत करायला आली. क्लाइव्ह लिहिलेल्या कागदांसमोर बसला होता. टेबलावर झोयाबाईंनी पाठवलेला केक होता, एवढा मोठा की त्याला स्वतंत्र खुर्ची दिली होती.

"हे काय?"

"मी तपासलं," क्लाइव्ह म्हणाला. "प्रामाणिकपणे. मला 'बी' आला."

नेल मटकन समोर बसली. मग तिला हसू फुटलं, इतकं की क्लाइव्हलाही हसावं लागलं. सगळी हयात रशियन शिकवण्यात घालवलेला मास्तर, आणि दांडीखालून गेला. तिनं केकचा कोपरा बोटानं काढून खाल्ला. बऱ्याच दिवसांनी ती पूर्वीसारखी दिसली.

"ऐका," ती म्हणाली. "मी परत बसतेय. येत्या जूनमध्ये. युनिव्हर्सिटीशी बोलले; 'ए' आणला तर घेतो म्हणालेत. शिकवाल ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"पण एक अट आहे. ते शनिवार बंद. एकच वर्ष, सर. तुम्ही काही वाईट केलं नाहीत त्यांचं, मला माहितेय. चांगली पोरं आहेत. पण मला ती जागा हवीय. मला गालिचे विकायचे नाहीत. एकदाच नाही म्हणा, माझ्यासाठी."

"म्हणतो," क्लाइव्ह म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "शब्द देतो तुला."

फोन वाजला. टेबलावर, केकच्या शेजारी. नाव दोघांनाही दिसलं. नेलनं फोन त्याच्याकडे सरकवला आणि हाताची घडी घालून बसली.

"क्लाइव्ह हॅरोल्डोविच," फोन म्हणाला, "बातमी लीड्सपर्यंत गेली. यंदा वीस पोरं आहेत. आया दारात उभ्या आहेत. मी सांगून टाकलंय, हॅरोल्डोविच नाही म्हणणारा माणूस नव्हे. शनिवारी, दहा वाजता. चालेल ना?"

क्लाइव्हनं नेलकडे बघितलं. नेल त्याच्या ओठांकडे बघत होती, जणू तिथून तिचा निकाल बाहेर पडणार होता. त्यानं घसा साफ केला. तोंड उघडलं. शब्द तसा छोटाच होता, दोन्ही भाषांत.

"छे छे," त्याचं तोंड म्हणालं, निर्दोष रशियनमध्ये, "त्यात कसला त्रास."

नेलनं त्याचे कागद ओढून घेतले, लाल पेन उचललं आणि त्यानंच तिला शिकवलेल्या पद्धतीनं पहिल्या पानापासून तपासायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत प्रश्नाला उत्तर नव्हतं. दाखला एकच होता. पुढं अर्धं पान वडिलांवर होतं, हॅरोल्डवर. ती शांतपणे गुण कापत गेली. शेवटच्या पानावर आल्यावर तिनं त्याचा 'बी' खोडला, वर 'सी' लिहिला, पुस्तकं टेबलावर ठेवली आणि गेली.